बीडला कुठला समुद्र?

वेळासला ज्यांच्या घरी आम्ही मुक्कामाला होतो, त्या काकूंनी रात्री मोदक वाढताना विचारलं, "सगळे पुण्याचेच का तुम्ही?" बाकी तिघं पुण्याचे होते. मी म्हणालो, "नाही, मी बीडचा."

"बीडचा?" काकूंच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. "बीडला कुठला समुद्र?"

सगळे हसले, मीही हसलो. बीडच्या माणसाला याची सवय असते. आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की समोरच्याला दुष्काळ आठवतो, ऊसतोड आठवते, हल्ली राजकारण आठवतं. समुद्र कुणालाच आठवत नाही, आणि त्यात कुणाची चूक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही किनाऱ्यावर होतो. सुरूच्या झाडांपलीकडे जाळीचं कुंपण, आत वाळूवर उपड्या घातलेल्या टोपल्या. एका कार्यकर्त्याने टोपली उचलली आणि खाली काळपट रंगाची, तळहातावर सहज मावतील अशी कासवाची पिल्लं वळवळत होती. पाण्यापासून थोड्या अंतरावर ती वाळूत सोडली गेली. दोरीमागे उभे असलेले आम्ही सगळे एकदम गप्प झालो. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाने पडलेल्या खड्ड्यात उतरलं आणि त्याला वर चढायला बराच वेळ लागला. माणसाच्या पावलाचा ठसा त्याच्यासाठी विहीर होता. मग तिथे बाटली पडलेली असती तर? चप्पल? जाळ्याचा तुकडा?

किनारा मात्र स्वच्छ होता. का, ते परत येताना कळलं. सुरूच्या बुंध्याशी एक भरलेली गोणी टेकवून ठेवली होती. भरतीने रात्रीत आणून टाकलेला माल. वरच गुटख्याची एक रिकामी पुडी होती. रंग उडालेला, पण ओळखू येण्यासारखी. आमच्या गावातल्या टपरीवर मिळते तीच. मी फोन काढून तिचा फोटो घेतला. मित्र म्हणाला, "कासवं सोडून कचऱ्याचे काय फोटो काढतोस?"

त्या पुडीमुळे पुढचे कित्येक महिने मी जे वाचत आणि नकाशावर शोधत बसलो, त्याची ही गोष्ट आहे.

*

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून येतं. आता ते कासवांचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि ही ओळख फार जुनी नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाची घरटी मोजत कोकण किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की ऑलिव्ह रिडले जातीची कासवं इथे दर हिवाळ्यात अंडी घालायला येतात, आणि ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या पोटात जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण होतं. पण कायदा रात्री दोन वाजता वाळूत येऊन उभा राहत नाही.

मग उभं कोण राहणार? गावातलेच लोक राहिले. भल्या पहाटे किनारा चालत जायचा, मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग शोधायचा, खड्डा सापडला की अंडी तशीच अलगद उचलून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवायची, आणि पुढचे पन्नासेक दिवस लक्ष ठेवायचं. पहिल्या हंगामात अशी सुमारे ५० घरटी वाचली. पुढे वन विभाग आणि कांदळवन कक्षही या कामात आले, किनाऱ्यावरच्या इतर गावांनीही ते उचललं. वेळासला कासव महोत्सव सुरू झाला, लोक पिल्लं पाहायला येऊ लागले, आणि काकूंसारख्यांच्या घरात पाहुण्यांच्या पंगती उठू लागल्या.

या कामाला तिथले लोक 'राखण' म्हणत होते. मी तो शब्द ऐकून दचकलो, कारण तो माझ्या घरचा शब्द आहे. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसतात ती राखण. पीक आपलं असतं, पाखरं रोज येतात, म्हणून आपणही रोज जायचं. किनारा स्वच्छ ठेवणं हे मला तोवर शनिवार-रविवारी टी-शर्ट घालून करायचं काम वाटत होतं. वेळासमध्ये तो राखणीचा एक भाग होता. ज्याला रोज माग शोधायचा आहे, त्याला वाटेतली बाटली उचलावीच लागते.

*

पण काकूंचा प्रश्न राहिलाच. या सगळ्याचा बीडशी काय संबंध?

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की डेटा कुठून आला आणि कुठे गेला, हे मागे मागे जात शोधणं हे माझं रोजचं काम. म्हणून मी आधी पाण्याचा माग काढला. आमच्या गेवराई तालुक्याच्या उत्तर कडेने गोदावरी जाते. बीड शहरातली बिंदुसरा सिंदफणेला मिळते. सिंदफणा माजलगावच्या धरणातून पुढे जाऊन मंजरथला गोदावरीत शिरते. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि लातूर, बिदर करत तेलंगणात गोदावरीलाच मिळते. आष्टीकडची सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे बीड जिल्ह्यात कुठेही पडलेला पावसाचा थेंब शेवटी बंगालच्या उपसागराकडेच निघालेला असतो. गंमत म्हणजे खुद्द गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ जिथे जन्मते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालत पूर्वेला जाते.

ही वाट एके काळी राज्यकर्त्यांच्या हिशेबातही होती. आमच्या भागातलं राक्षसभुवन लोकांना लढाईमुळे माहीत असतं. १० ऑगस्ट १७६३ ला ऐन पावसाळ्यात गोदावरीच्या काठी माधवराव पेशव्यांनी निजाम अलीचा पराभव केला. निजामाचं काही सैन्य नदीपार झालं होतं, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकला आणि मारला गेला. (वेळासच्या घराण्यातले नाना तेव्हा २१ वर्षांचे होते.) लढाईच्या गोष्टीत आपण एक बाब विसरतो. निजामाची जी दौलत होती, तिच्यात थोडीच वर्षं आधीपर्यंत गोदावरीच्या मुखाजवळचा राजमहेंद्रीचा मुलूखही होता. १७५३ मध्ये तो किनारा फ्रेंचांना दिला गेला, आणि १७६६ च्या तहाने इंग्रजांकडे गेला. पुढे हैदराबादच्या राज्याला समुद्र उरला नाही. १९४७ मध्ये शेवटच्या निजामाने पोर्तुगीजांकडून गोव्याचं बंदर मिळवण्याची खटपट केली, ती याच अडचणीतून.

म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं इतिहासातलं उत्तर असं: बीडला समुद्र होता. मधल्या अडीचशे वर्षांत नकाशे बदलले, राज्यं बदलली, सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्यही संपलं. नदीला मात्र यातलं काहीच कळवण्यात आलं नाही. ती जुन्याच पत्त्यावर जात राहिली.

त्या पत्त्यावर काय आहे, तेही पाहिलं. आंध्रात काकीनाड्याजवळ गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं तिवरांचं जंगल आहे. त्याच्या बाहेर होप आयलंड नावाचं वाळूचं लांबट बेट आहे. आणि त्या वाळूत अंडी घालायला ऑलिव्ह रिडले कासवं येतात. तीच, वेळासची.

*

'तीच' हा शब्द मी आधी सैलपणे वापरला होता, म्हणजे त्याच जातीची, एवढ्याच अर्थाने. आपल्याकडे बराच काळ असंच समजत होते की पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि कोकणातली वेगळी. ओडिशातल्या गहिरमाथ्याला लाखोंच्या संख्येने येणाऱ्या कासवांची नोंद १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी घेतली. कोकणातली थोडीथोडकी कासवं बिचारी कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरला 'बागेश्री'च्या पाठीवर असंच यंत्र बसवलं. बागेश्री दक्षिणेकडे निघाली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. मग जानेवारी २०२५ मध्ये याच्या उलट घडलं. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी होती, तिच्यावर आकडा ०३२३३. ती पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचं अंतर कापून ती कोकणात आली होती.

मला हा पाच आकडी नंबर पाठ झाला आहे. कारण आमच्या गोदावरीचं पाणी ज्या समुद्रात जातं, त्याच समुद्रातून एक मादी निघते आणि काकूंच्या किनाऱ्याच्या शेजारच्या किनाऱ्यावर येते. दोन समुद्र हा आपल्या नकाशाचा हिशेब झाला. तिच्यासाठी ते एकच पाणी आहे.

*

इथे एक प्रामाणिक खुलासा करायला हवा. वेळासच्या गोणीतली ती पुडी बीडची नव्हती. बीडचं पाणी तिकडे जातच नाही. ती कुठल्या तरी खाडीतून, बोटीवरून, नाहीतर सहलीला आलेल्या कुणाच्या खिशातून आली असणार. आणि आमच्या गावातून नदीत गेलेली पुडी होप आयलंडला पोचेल का? बहुतेक नाही. मधे बंधारे आहेत, तेलंगणातली मोठी धरणं आहेत, राजमहेंद्रीजवळ १८५० च्या सुमारास आर्थर कॉटनने बांधलेला दवळेश्वरचा बंधारा आहे. २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने समुद्रातल्या प्लास्टिकचं बरंच खापर दहा मोठ्या नद्यांवर फोडलं होतं. २०२१ च्या अभ्यासाने चित्र बदललं: नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून अधिक नद्यांतून येतं, आणि त्यात समुद्राजवळच्या शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. जितकं दूर, तितका कचरा वाटेत अडकायची शक्यता जास्त.

हे वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कचरा समुद्रात पोचत नाही याचा अर्थ तो नाहीसा होत नाही. तो वाटेत राहतो, आणि आमच्यासाठी वाट म्हणजे घर.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पूर आला, त्यानंतर दिवाळीला गावी गेलो तेव्हा नदीकाठच्या बाभळींना पिशव्या लटकलेल्या होत्या. जिथपर्यंत पाणी चढलं होतं बरोब्बर तिथपर्यंत, रेघ मारल्यासारख्या. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये दोन बायकांनी सफाई सुरू केली, तेव्हा त्यांनी लोकांना नुसता कचरा उचलायला सांगितलं नाही. हातात कार्ड देऊन प्रत्येक वस्तू लिहायला लावली, म्हणजे तो कुठून आला ते कळेल. मीही तसंच केलं. काठाने शंभर पावलं चाललो आणि फोनवर टिपत गेलो. सर्वांत जास्त गुटखा आणि तंबाखूच्या पुड्या. मग शाम्पूच्या. मग पाण्याच्या बाटल्या. मग खताच्या गोण्यांचे दोरे, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपरच्या चिंध्या. गाठ मारलेल्या पिशव्या, आत निर्माल्य किंवा शिळं अन्न. एक लहान मुलाची चप्पल.

यादी वाचली आणि लक्षात आलं, हा आमच्या तालुक्याचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहासच आहे.

*

आमचे आबा सांगतात, त्यांच्या लहानपणी बाजारातून वस्तू यायची ती रद्दीच्या कागदात, दोरा गुंडाळून. तो दोराही काढून भिंतीतल्या खुंटीवर ठेवायचे. लग्नाच्या पंगतीला पळसाच्या पत्रावळी. उकिरड्यावर जे जायचं त्याचं वर्षभरात खत व्हायचं. 'फेकून देणं' या क्रियेचा तेव्हा वेगळा अर्थ होता. फेकलेलं मातीत जायचं.

मग पुडी आली. तमिळनाडूतल्या कडलूरमध्ये चिन्नी कृष्णन नावाच्या माणसाला वाटलं की श्रीमंतांच्या वस्तू गरिबालाही घेता आल्या पाहिजेत. त्यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरला. १९८३ मध्ये त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी त्याच कल्पनेवर आपला धंदा उभा केला, आणि पुढे देशभर सगळ्याच कंपन्या पुडीवर आल्या. मी पुडीला शिव्या देणार नाही. सहा महिने ऊसतोडीला जाऊन उचलीवर संसार करणाऱ्या बाईला बाटलीभर शाम्पू एकदम घेता येत नाही, एका रुपयाचा येतो. पुडीने तिला काहीतरी दिलं. फक्त पुडी रिकामी झाल्यावर काय, हे कुणी ठरवलं नाही. वस्तू गावात पोचवायला टेम्पो आला, कचरा परत न्यायला काहीच आलं नाही. माझ्या गावात आजही घंटागाडी येत नाही.

कायदे आले. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या, आणि २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचऱ्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. २०११ मध्ये गुटखा प्लास्टिकच्या पुडीत विकायला देशभर मनाई झाली. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावरच बंदी आली. म्हणजे माझ्या यादीत पहिल्या नंबरवर असलेल्या वस्तूवर दोनदा बंदी आहे: एकदा पुडीवर, एकदा आतल्या मालावर. तरी ती पहिली.

२०१८ ची बंदी तुम्हाला आठवत असेल. २३ मार्चची अधिसूचना, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. मी तेव्हा कॉलेजात होतो. महिनाभर सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या दिसल्या. मग भाजीवाल्याच्या हातगाडीखालून पुन्हा पिशवी निघाली, आधी चोरून, मग उघड. त्या अधिसूचनेत एक चांगली गोष्ट होती: दुधाची रिकामी पिशवी परत दिली तर किमान ५० पैसे मिळावेत अशी तरतूद. म्हणजे कचऱ्याला किंमत. आमच्याकडच्या एकाही दुकानात मी ते ५० पैसे कुणाला मिळताना पाहिले नाहीत.

योगायोग असा की त्या अधिसूचनेच्या आदल्याच दिवशी, २२ मार्च २०१८ ला, मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं दिसली. तिथे ती सुमारे वीस वर्षांनी दिसत होती.

*

वर्सोव्याची गोष्ट ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू होते. अफरोज शाह नावाचा तरुण वकील तिथे राहायला आला. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि समुद्राच्या अलीकडे कचऱ्याचा थर. तो आणि शेजारचे ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ, असे दोघं खाली उतरले आणि उचलायला लागले. हळूहळू शेजारी आले, कोळीवाड्यातले लोक आले, शाळा-कॉलेजची मुलं आली. दर शनिवार-रविवार. अडीच किलोमीटरच्या त्या पट्ट्यातून हजारो टन कचरा निघाला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला.

या गोष्टीतला लोकांना आवडणारा भाग पिल्लांशी संपतो. मला त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. शाह आणि त्यांचे साथीदार किनाऱ्यावर थांबले नाहीत. ते मिठी नदीच्या काठी गेले, वस्त्यांमध्ये गेले, घराघरात दूध-पिशवी कशी कापावी हे सांगायला लागले. (कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, तो सुटा तुकडाच नंतर कुणाच्या हाती लागत नाही.) का? कारण शनिवारी उचललेलं रविवारी भरती परत आणून टाकत होती. समुद्राने त्यांना मागे ढकललं. किनाऱ्यावरून नदीकडे, नदीवरून नाल्याकडे, नाल्यावरून स्वयंपाकघराकडे.

तोच रस्ता आणखी मागे नेला की तो आमच्या घरापर्यंत येतो.

*

आता घरचं सांगतो.

२०१९ चा उन्हाळा. त्या वर्षी बीडमध्ये जागोजाग चारा छावण्या होत्या. आमची एक देवणी गाय होती, माझ्या बारावीच्या वर्षी जन्मलेली. ती खाईना. पोट फुगलेलं आणि बरगड्या वर आलेल्या. पोट भरल्यासारखं दिसत होतं आणि ती उपाशी मरत होती. गेल्यावर डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आतून पिशव्यांचा पिळलेला गोळा निघाला, दोन्ही हातांनी उचलावा लागला एवढा. त्यात दोन-तीन पिशव्यांच्या गाठी अजून तशाच होत्या.

गाय प्लास्टिक खात नाही, आतलं शिळं अन्न खाते. पण तिला हात नाहीत, गाठ सोडता येत नाही, म्हणून ती सगळंच गिळते. आणि आमच्या घरी शिळंपाकं पिशवीत भरून, गाठ मारून, नदीच्या उतारावर टाकायला कोण जायचं? सुट्टीत घरी आलो की मीच. गाठ मी मारायचो, कारण सांडू नये. आईने मला कधी काही म्हटलं नाही. आबा एवढंच म्हणाले, "आपणच चारलं की रं तिला."

समुद्रातल्या कासवाचं असंच होतं, हे नंतर वाचलं. तरंगणारी पिशवी त्याला जेलीफिशसारखी दिसते, एवढंच नाही. २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दिसलं की समुद्रात राहून शेवाळ धरलेल्या प्लास्टिकला कासवांच्या अन्नासारखा वास येतो आणि कासवं त्याला तशीच भुलतात. पोटात प्लास्टिक भरतं, भूक मरते. समुद्रातलं कासव आणि गोठ्यातली गाय एकाच गोष्टीने मरतात: पोट भरल्याच्या खोट्या जाणिवेने.

*

गाय गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी आबांना विचारलं, की तुमच्या वेळी नदीत कचरा कुणी टाकत नव्हतं का? मला वाटलं ते म्हणतील, तेव्हा प्लास्टिकच नव्हतं. ते म्हणाले, "टाकंल कसा? तिथं माणसं असायची."

मराठीत वाळवंट या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक राजस्थानातलं. दुसरं नदीतलं, चंद्रभागेचं असतं तसं. आबांच्या तरुणपणी उन्हाळ्यात गोदावरीचं वाळवंट उघडं पडायचं आणि भोई लोक त्यात टरबुजं-खरबुजं लावायचे. रात्री राखणीला तिथेच झोपायचे. कुणी मासे धरायचं, कुणी होडीने पलीकडे सोडायचं, बायका धुणं धुवायच्या, झऱ्याचं पाणी भरायच्या. मऊ पाठीची कासवं काठावर दिसायची. ती कुणी धरायचं, कुणी सोडून द्यायचं, कारण महादेवाच्या देवळात नंदीजवळ कोरलेलं कासव असतं आणि त्याला हात लावून आपण आत जातो.

मग १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झालं. शेतीला पाणी आलं, ते हवंच होतं. पण नदी धरणाच्या वेळापत्रकाने वाहू लागली. पुढे बंधारे झाले, पात्र कुठे तुंबलं, कुठे कोरडं पडलं. राहिलेली वाळू ट्रकमध्ये बसून शहरात गेली. ज्या फ्लॅटमध्ये बसून मी हे लिहितोय, त्याच्या भिंतीत ती असू शकेल. वाळू गेली तसे टरबुजांचे मळे गेले, मळे गेले तशी राखण गेली. नदीकाठी कुणी राहिलं नाही, आणि जिथे कुणी नसतं ती जागा उकिरडा होते.

म्हणून मला वाटतं, आपण क्रम उलटा लावतो. आधी स्वच्छता, मग कासवं, असं म्हणतो. वेळासचा इतिहास वेगळं सांगतो. आधी तिथे रोज जायला कारण मिळालं, मग माणसं गेली, मग किनारा स्वच्छ राहिला. वर्सोव्यालाही कोळीवाडा आणि शेजारी होते म्हणून ते टिकलं. बंद्या फसल्या कारण त्या अशा जागी पाठवल्या गेल्या जिथे राखणीला माणूस नव्हता. दंडाची पावती फाडणारा महिन्यातून एकदा येतो. पाखरं रोज येतात.

आमच्या घरी आता एवढंच झालं आहे: शिळंपाकं पाटीत जातं, पिशवीत नाही. कोरड्या प्लास्टिकची गोणी भरली की चुलत भाऊ ती तालुक्याला भंगारवाल्याकडे टाकतो. त्यातल्या बाटल्या तो घेतो, पुड्या घेत नाही. पुड्यांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते त्या भरणाऱ्या कंपन्यांनी द्यायला हवं. आणि मी गावी गेलो की ती शंभर पावलं चालतो, फोनवर टिपत. मागच्या वेळी भावाची मुलगी बरोबर आली. तिला मोजायला आवडतं. तिने मला विचारलं की इथली कासवं कुठे गेली. मी म्हणालो, असतील, आपण रोज येत नाही म्हणून दिसत नाहीत. ती गावातच राहते. म्हणाली, "मी येईन की रोज."

पुढच्या मार्चमध्ये तिला घेऊन वेळासला जायचा विचार आहे. काकू पुन्हा विचारतील, बीडला कुठला समुद्र म्हणून. या वेळी सांगेन: पूर्वेचा. जरा लांब पडतो, एवढंच.